कुंभवलीहून संपादकांस: वाचकांच्या पत्रव्यवहाराची वाटचाल

वर्तमानपत्रात छापून आलेला मजकूर वाचायचा, त्यावरचे आपले म्हणणे कागदावर उतरवून संपादकाकडे धाडायचे, आणि संपादकाने ते त्याच पत्रात इतर वाचकांपुढे ठेवायचे, ही चाल मराठीत वर्तमानपत्राइतकीच जुनी आहे. त्याआधी दुसऱ्याच्या लेखनावर लिहिण्याची परंपरा मराठीला नव्हती असे नाही. तेराव्या शतकातली ‘ज्ञानेश्वरी’ ही मुळात गीतेवरची टीका आहे. पोथ्यांच्या समासात पुढच्या वाचकाने अर्थ, पाठभेद किंवा शंका लिहून ठेवल्याची उदाहरणेही हस्तलिखितांच्या संग्रहांत जागोजाग सापडतात. पण टीकाकाराचे लेखन मूळ लेखकापर्यंत परत जात नसे, कारण बहुधा तो शतकांपूर्वी होऊन गेलेला असे. वर्तमानपत्राने हे बदलले. लिहिणारा जिवंत होता, आठवड्याने पुन्हा लिहिणार होता, आणि वाचकाच्या आक्षेपाला उत्तर देणे त्याला भाग पडू शकत होते.

या व्यवहारात लेखक आणि वाचक यांच्याखेरीज तिसराही कोणी असतो. पत्र छापायला जागा लागते, आणि जागा ज्याची, त्याच्या मर्जीवर वाचकाचे म्हणणे अवलंबून असते. पत्र छापायचे की नाही, किती छापायचे, कोणाच्या सहीने छापायचे आणि त्यातून काही उद्भवले तर जबाबदार कोण, हे प्रश्न पहिल्यापासून या चालीला चिकटलेले आहेत. मराठी पत्रव्यवहाराचा इतिहास हा बराचसा या जागेसाठी झालेल्या ओढाताणीचा इतिहास आहे.

बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी अशी त्याची मांडणी होती. सुरुवातीला ते पाक्षिक होते. त्याच वर्षी मे महिन्यात साप्ताहिक झाले. वर्गणीदार थोडे होते, तरी बाहेरून आलेल्या पत्रांना ‘दर्पण’ने जागा दिली. विधवांच्या पुनर्विवाहासारखा विषय त्यात चर्चेला आला, आणि घरात, देवळात किंवा पंचांपुढे बोलायच्या गोष्टी छापील कागदावर अनोळखी माणसांसमोर मांडल्या जाऊ लागल्या. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले, पण संपादकाच्या नावे लिहिण्याची सवय लावून गेले.

या सवयीला खरे बळ दिले ते भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ने. गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनी २४ ऑक्टोबर १८४१ रोजी हे साप्ताहिक मुंबईत सुरू केले. १८४८ ते १८५० या काळात त्यात ‘लोकहितवादी’ या नावाने जे लेखन आले, ते ‘शतपत्रे’ म्हणून ओळखले जाते. पत्रे प्रत्यक्षात १०८ आहेत. त्यांचे कर्ते गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीत होते आणि सरकारी नोकरीत होते. त्यांनी आपल्याच समाजाचे, विशेषतः पुण्याच्या ब्राह्मणवर्गाचे आळस, अज्ञान आणि विद्येविषयीची उदासीनता यांबद्दल इतके सडेतोड लिहिले की आजही ती पत्रे वाचताना धार जाणवते. मराठी वैचारिक गद्याचा हा पहिला मोठा संच पत्रांच्या रूपात जन्माला आला, याचा विचार मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पुरेसा झालेला नाही. ग्रंथ लिहायला अधिकार लागतो, निदान तशी समजूत होती. पत्र लिहायला वाचक असणे पुरत होते.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे सोपे होते. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडील खेड्याला सोपे नव्हते. आजच्या पालघर जिल्ह्यातले कुंभवली हे बोईसर आणि तारापूर यांच्या शेजारचे गाव. एकोणिसाव्या शतकात हा मुलूख ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात मोडत होता. हे माहीम म्हणजे केळव्याजवळचे, मुंबईचे नव्हे. तारापूरला किल्ला होता आणि खाडीवर बंदर होते. मुंबईशी संबंध पडावांतून, मचव्यांतून आणि किनाऱ्याच्या पायवाटांनी राहत असे. अशा गावातल्या कोणी ‘दर्पण’ला काही कळवायचे म्हटले असते तर टपालखर्च अंतरावर ठरला असता, आणि बहुधा तो पत्र घेणाऱ्याच्या माथी पडला असता. ‘नॉटपेड’ पत्र सोडवून घ्यायला संपादकाला पदरचे पैसे मोजावे लागत. अनोळखी वाचकाच्या मतासाठी ते रोज कोण मोजणार?

तीन गोष्टींनी ही अडचण कमी केली. १८५४ मध्ये अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा असा देशभर एकच दर ठरला आणि तिकीट लावून पैसे आधी भरण्याची पद्धत रूढ झाली. १८६४ मध्ये गुजरातेतून येणारा बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग वैतरणा ओलांडून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत जोडला गेला. तो पालघर-बोईसरच्या पट्ट्यातूनच जातो. आणि १ जुलै १८७९ पासून पोस्टकार्ड आले. त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. त्या दिवसापासून कुंभवलीच्या शेजारच्या टपालपेटीत टाकलेला मजकूर आणि गिरगावातल्या वाचकाचा मजकूर एकेका पैशात संपादकाच्या टेबलावर पोहोचू शकत होता. मराठी वाचकाच्या बोलण्याला या एका पैशाच्या कार्डाने जेवढा हात दिला तेवढा कोणत्याही संपादकीय धोरणाने दिलेला नाही.

अर्थात कार्ड स्वस्त झाले म्हणून लिहिता येणारे हात वाढले नाहीत. या भागातल्या वारली, मांगेला, कुणबी आणि इतर कष्टकरी घरांत अक्षरओळख फार उशिरा पोहोचली. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे म्हणणे तलाठी, शाळामास्तर, दुकानदार किंवा अर्ज लिहून देणारा कारकून यांच्या हातून कागदावर उतरे, आणि उतरताना बदलेही. वर्तमानपत्रही चावडीवर किंवा देवळाच्या ओट्यावर एकाने मोठ्याने वाचायचे आणि दहा जणांनी ऐकायचे, असाच प्रघात होता. त्या दहांतल्या एखाद्याला मजकूर खटकला तरी छापील उत्तर देण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती. जुन्या पत्रव्यवहाराला ‘लोकमत’ म्हणताना ही गळती ध्यानात ठेवावी लागते.

जिल्ह्यातही वर्तमानपत्रे निघू लागली होती. काशिनाथ विष्णु फडके यांनी १८६६ मध्ये ठाण्यातून ‘अरुणोदय’ सुरू केले. राजधानीबाहेरच्या अशा पत्रांत रस्ते, जंगल खाते, दारूचे गुत्ते, मामलेदाराची वागणूक अशा तक्रारी बाहेरगावच्या पत्रलेखकांकडून येत. सरकारचे त्यांच्यावर लक्ष होते. मुंबई इलाख्यातल्या देशी वर्तमानपत्रांचा गोषवारा इंग्रजीत करून तो दर आठवड्याला अधिकाऱ्यांना देण्याची पद्धत १८६८ च्या सुमारास बसली. त्यात अग्रलेखांबरोबर पत्रलेखकांच्या तक्रारीही नोंदल्या जात. अनेक छोट्या पत्रांचे अंक आज हाती लागत नाहीत. त्यांत काय आले होते ते या सरकारी गोषवाऱ्यांतूनच कळते. वाचकाचे मूळ मराठी हरवले आणि त्याचे भाषांतर उरले, अशी ही स्थिती आहे.

पत्राचा घाट हळूहळू ठरून गेला. वर डाव्या हाताला ‘रा. रा. अमुकपत्रकर्ते यांस’, पुढे ‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष, मग ‘खालील चार ओळींस आपल्या लोकप्रिय पत्री जागा द्याल अशी आशा आहे’, आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. अक्षर बोरूचे किंवा टाकाचे. कार्ड असले की आधी मधला भाग भरायचा, मग ओळी समासात चढायच्या आणि सरतेशेवटी पत्त्याच्या बाजूच्या रिकाम्या कोपऱ्यात उलट्या उतरायच्या. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला कार्ड हातात फिरवून फिरवून वाचावे लागे. ‘मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात लिहावा’ ही संपादकांची सूचना पुढे शंभर वर्षे छापली गेली, ती उगाच नव्हे.

सही हा निराळा विषय. ‘एक वाचक’, ‘एक हितचिंतक’, ‘सत्यप्रिय’, ‘तुमचा जुना वर्गणीदार’ अशा टोपणनावांनी स्तंभ भरत. कारणे उघड होती. लिहिणारा सरकारी नोकर असे, किंवा ज्यांच्याविषयी लिहायचे ते त्याच आळीत राहत. बहिष्काराची भीती ही त्या काळी कल्पनेतली नव्हती. म्हणून संपादकांनी मधला मार्ग काढला: नाव छापू नका म्हणाल तर छापणार नाही, पण खरे नाव-पत्ता आमच्याकडे हवा. आजही मराठी दैनिकांत हा नियम कायम आहे. निनावी मजकुराला जागा द्यायची, पण निनावी माणसाला नाही, हा भेद एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी अनुभवाने शिकून घेतला होता.

ज्यांना जागाच मिळाली नाही, किंवा मिळणार नाही हे ज्यांनी ओळखले होते, त्यांनी तिसऱ्याचे दार ठोठावले. मराठीतले काही सर्वांत मोलाचे प्रतिसाद असे आडवाटेने छापले गेले आहेत.

ही वाट धर्मवादात आधीच पडली होती. अहमदनगरहून अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये निघाले. मिशनऱ्यांच्या हिंदू धर्मावरील टीकेला उत्तर देण्यासाठी मोरभट दांडेकरांनी १८४४ मध्ये ‘उपदेशचंद्रिका’ हे वेगळे मासिकच काढले. उत्तरासाठी स्वतःचे नियतकालिक काढण्याइतकी ऐपत मात्र थोड्यांकडे होती. जोतीराव फुल्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी १८८५ च्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे आमंत्रण दिले. फुल्यांनी जायचे नाकारले आणि का जात नाही ते पत्राने कळवले: ज्या मंडळींना शूद्रातिशूद्रांची दुःखे दिसत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय. हे पत्र ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यातल्या सभेला पुण्यातल्याच माणसाने दिलेले उत्तर मिशनच्या पत्रातून जगापुढे आले. मराठी साहित्यसंस्थेवरचा हा पहिला मोठा आक्षेप साहित्यसंस्थेच्या कागदांत नव्हे, परक्यांच्या छापील पानावर टिकून राहिला.

ताराबाई शिंदे यांनी तर पुस्तकच लिहिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला झाला, तिला फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती कमी करण्यात आली. या प्रकरणावर ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांतून सरसकट स्त्रीजातीवर झोड उठवणारा मजकूर येऊ लागला. बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. ते १८८२ मध्ये पुण्यात छापून निघाले. दोष बाईचा कसा आणि पुरुषाचा कसा हे त्या एकेक मुद्दा उचलून, थेट वाचकाला बोलावून, घरगुती आणि तिखट मराठीत तोलून दाखवतात. वर्तमानपत्राच्या मजकुरावर दिलेली ही प्रतिक्रिया वर्तमानपत्रात मावणारी नव्हती, आणि कोणत्या संपादकाने ती संपूर्ण छापली असती असे मानायलाही आधार नाही. तिच्यावर सत्यशोधकांच्या ‘दीनबंधू’च्या गोटातूनही नापसंती उमटली, तेव्हा फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. स्वतः ताराबाईंचे त्यानंतरचे एकही पुस्तक मिळत नाही. जागा न मिळण्याची किंमत काय असते ते इथे दिसते.

रखमाबाईंनी निवडलेली जागा आणखी वेगळी होती. मुंबईच्या या मराठी तरुणीचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते; नांदायला जायचे तिने नाकारले आणि नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. खटला चालू असताना १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने दोन पत्रे आली, एक बालविवाहावर आणि दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. ती रखमाबाईंची होती. ‘केसरी’ तिच्या विरोधात होता. मराठी पत्रात तिला इतके निवांत बोलू दिले गेले असते का, याची शंका घ्यायला जागा आहे. १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम दिला. तिने तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई पुढे इंग्लंडात शिकून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी आयुष्यभर सुरत आणि राजकोटला काम केले. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला, त्याआधीच्या वादात या दोन पत्रांचा वाटा मोठा आहे.

जागेचा प्रश्न आतल्या माणसालाही चुकला नाही. गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’चे संपादक होते, पण सामाजिक सुधारणेवरची त्यांची मते सहकाऱ्यांना मानवेनात. त्यांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. तीस-बत्तीस वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तर ‘केसरी’त जाहिरातीपुरतीही जागा मिळाली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांचे ‘मूकनायक’ सुरू झाले; त्याची जाहिरात पैसे देऊनही घेतली गेली नाही, हे त्यांनी पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये नमूद केले आहे. ‘मूकनायक’ हे नावच या इतिहासाचा मथळा शोभेल असे आहे. महाडच्या सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ निघाले, आणि इतर पत्रांतून आलेल्या आक्षेपांना आंबेडकरांनी त्यात मुद्देसूद उत्तरे दिली.

जागा देणाऱ्यालाही धोका होताच. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक वर्तमानपत्रावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक झाले. संपादकाचे नाव छापण्याची सक्ती १९२२ मध्ये आली. पत्रलेखक टोपणनावामागे लपू शकत होता, छापणारा लपू शकत नव्हता. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. त्यात पुरावा म्हणून ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातला जो मजकूर पुढे आला, त्यात ‘शिवाजीचे उद्गार’ ही खऱ्या नावाची सही नसलेली कविता होती आणि शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत होता. अठरा महिन्यांची सक्तमजुरी संपादकाला झाली.

वाचकाच्या प्रश्नाला उत्तर दिल्याबद्दल शिक्षा झाल्याचे उदाहरण र. धों. कर्व्यांचे. त्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. संततिनियमन, लैंगिक आरोग्य आणि लैंगिक वर्तन यांविषयी वाचक पत्राने विचारत आणि कर्वे छापील उत्तर देत. हे प्रश्न ज्यांनी कधी डॉक्टरलाही विचारले नसते अशा माणसांचे होते. मासिकाच्या गुजराती विभागातील अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. वाचक प्रामाणिकपणे विचारत असेल तर लैंगिक विषयावरचे शास्त्रीय उत्तर अश्लील कसे ठरते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. कर्वे हरले, पण उत्तरे देणे त्यांनी थांबवले नाही. मराठी नियतकालिकांत वाचकाशी इतक्या सरळपणे आणि इतकी वर्षे बोललेला दुसरा संपादक दाखवणे कठीण आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पत्रव्यवहार ही दैनिकाची नेमाची बाब झाली. ना. भि. परुळेकरांचा ‘सकाळ’ १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात निघाला आणि त्याने सामान्य माणसाच्या अडीअडचणींना बातमीचा मान दिला. ऑगस्ट १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. बायकांना सासरच्या पत्त्यावरून लिहिता येईल अशी ती जागा ठरली. ‘लोकसत्ता’ १९४८ चा आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ चा. त्यांची ‘लोकमानस’ आणि ‘बहुतांची अंतरे’ ही सदरे वाचकांच्या बोलण्यात नावाने येऊ लागली. मुंबईत तर नियमाने पत्रे लिहिणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला. त्यांना ‘वृत्तपत्रलेखक’ म्हणतात, आणि त्यांचा संघ दादरला आहे. गिरणीतला कारकून, बेस्टचा वाहक, निवृत्त शिक्षक अशी ही माणसे मानधनाची अपेक्षा न ठेवता लिहीत राहिली. पाणी न येणारा नळ, परीक्षेतला चुकीचा प्रश्न, शुद्धलेखनाचा नियम, संयुक्त महाराष्ट्राची मागणी, सगळे त्यांच्या कक्षेत येई. पत्रकारितेच्या इतिहासांत त्यांची नावे सापडत नाहीत. असायला हवी होती.

कुंभवलीच्या परिसरातून पत्रे जाऊ लागली ती प्रामुख्याने याच काळात, आणि त्याचे कारण गावाबाहेर घडले. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत कुंभवली, पास्थळ, सालवड, सरावली, पाम, टेंभी, कोलवडे या गावांच्या लगत वाढली. शेतीवाडी आणि मासेमारीवर जगणाऱ्या गावांच्या मध्ये रासायनिक, औषधी, कापड आणि पोलाद कारखाने उभे राहिले. नोकरीसाठी घाटावरून, खानदेशातून, कोकणातून आणि परप्रांतांतून माणसे आली. त्यांच्याबरोबर दैनिक वाचण्याची आणि संपादकाला लिहिण्याची सवयही आली; गावातली शाळा शिकलेली पहिली पिढी तोवर तयार झालीच होती.

विषयांची या भागात कधी वाण पडली नाही. गाडी हा कायमचा विषय. मुंबईला कामाला जाणाऱ्यांची अनेक वर्षांची मागणी होती ती उपनगरी लोकलची. चर्चगेट ते डहाणू रोड अशी लोकल सेवा १६ एप्रिल २०१३ रोजी सुरू झाली. जिल्ह्याचे ठिकाण ठाणे असताना एका दाखल्यासाठी जाणारा दिवस हा दुसरा विषय. पालघर स्वतंत्र जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. अणुवीज केंद्राच्या विस्तारासाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरण या गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे कागदावर आणि न्यायालयात राहिला. आणि सर्वांवर कडी म्हणजे वास, सांडपाणी आणि स्फोट. रात्री सुटणारा वायू, विहिरींचे बदललेले पाणी, नवापूर-दांडीच्या किनाऱ्याला न मिळणारी मासळी ही तक्रार स्तंभात दोन इंचांची जागा घेई आणि दुसऱ्या दिवशी विसरली जाई.

इथेही शेवटी तिसरे दार शोधावे लागले. मच्छीमारांची संघटना असलेली अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. लवादाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि २०२२ च्या जानेवारीत शंभराहून अधिक कारखान्यांना पर्यावरणाच्या हानीची भरपाई भरण्याचा आदेश दिला; रक्कम १८० कोटी रुपयांच्या वर होती. वाचकांच्या पत्रांनी हे घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण कोणत्या साली, कोणत्या नाल्याला, कोणत्या रंगाचे पाणी आले याची तारीखवार नोंद तिथल्या माणसांनी त्या त्या वेळी जाहीरपणे कुठे करून ठेवली असेल, तर ती मुख्यतः अशा पत्रांत आणि स्थानिक साप्ताहिकांच्या बातम्यांत.

या नोंदींची स्थिती मात्र चांगली नाही. वर्तमानपत्रांच्या संचिकांतून अग्रलेख आणि बातम्या शोधता येतात, पत्रव्यवहाराची सूची सहसा कोणी केलेली नसते. जिल्हा आवृत्त्या जपण्याची पद्धत तर फारच विरळ. राहते ती लेखकाची स्वतःची कात्रणवही: जुन्या हिशेबाच्या चोपडीत खळीने चिकटवलेली, कडा पिवळ्या पडलेली कात्रणे, प्रत्येकाशेजारी पत्राचे नाव आणि तारीख निळ्या शाईत, आणि छापताना काटलेली ओळ हाताने पुन्हा लिहून घेतलेली. अशी वही पुष्कळदा लेखकाच्या मृत्यूनंतर रद्दीत जाते. ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभे आहे. पालघर-बोईसरकडच्या शाळा-महाविद्यालयांनाही आता ग्रंथालये आहेत. कुंभवली, पास्थळ, नवापूर, मुरबे, सातपाटी या गावांत ज्यांच्या घरी वडिलांची किंवा आजोबांची कात्रणवही असेल, त्यांनी ती रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा ग्रंथपालाला दाखवावी.